मुलगी भूगर्भशास्त्र शिकते आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय : एका वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

सलाम भाऊ.

आधी तुमचा प्रश्न जसा समजला तसा मांडते. मुलगी अमरावतीला बी.एस्सी. करते, विषयांत भूगर्भशास्त्र आहे. सुट्टीत गावी आली तेव्हा म्हणाली, पृथ्वी ४५४ कोटी वर्षांची आहे, मग बायबलच्या ‘उत्पत्ती’ ह्या पहिल्या पुस्तकातले सृष्टीचे सहा दिवस कुठं बसवायचे? मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं, असलं शिक्षण बंद करा. पाळकसाहेब म्हणाले, विश्वासात प्रश्न नसतात. आता ती उपासनेला यायचं टाळते. तुम्ही विचारताय की बायबल खरं आहे की नाही ते एका वाक्यात सांगा, आणि तिला संडे स्कूल शिकवू द्यायचं का तेही सांगा.

एका वाक्यात सांगते : मी बायबल खरं मानते आणि तुमच्या मुलीचं पुस्तकही खरं मानते. विदर्भातल्या खेड्यांतल्या मंडळ्यांत शास्त्राभ्यासाचे वर्ग घेताना हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि मुलं बहुतेक वेळा विज्ञानामुळं दुरावत नाहीत. “यातलं एक अक्षर हललं तर सगळं खोटं” असं लहानपणापासून ऐकलेलं असतं, ते त्यांना तोडतं. कॉलेजात एक अक्षर हलतं आणि पोर प्रामाणिकपणे सगळंच सोडून देतं. तुमच्या घरात नेमकं हेच चाललंय असं मला वाटतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच कबूल करते. तुमची मंडळी कुठली हे तुम्ही लिहिलेलं नाही. कॅथलिक असाल तर वाट बरीच मोकळी आहे : पोप पायस बारावे यांनी १९५० सालीच मानवी देहाच्या उत्क्रांतीवर अभ्यास करायला मुभा दिली होती. सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळ्यांत पाळकावर बरंच ठरतं. काही मंडळ्यांत चोवीस तासांचे सहा दिवस हा विश्वासाचाच भाग धरतात. तिथं मुलीला उभं करून वाद घालायला लावू नका. असं मानणारे पुष्कळ जण सरळ मनाचे, प्रार्थनाशील लोक आहेत. माझं मत त्यांच्याहून वेगळं आहे, ते का हे खाली सांगते.

घरातली जुनी पेटी उघडून बघा. तीत सातबारा असतो, बाप्तिस्म्याचा दाखला असतो, कृषी केंद्राची पावती असते, काकांची जुनी पत्रं असतात, आजीनं जात्यावर म्हटलेल्या ओव्या कुणी वहीत उतरवल्या असतील तर ती वहीही असते. यातलं खोटं काहीच नाही. पण वावर किती हेक्टर आहे ते आपण ओवीत शोधत नाही, आणि आजीचं माहेर तुटल्याचं दुःख सातबाऱ्यात शोधत नाही. पवित्र शास्त्र ही अशीच पेटी आहे. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलात ७३, आणि लिहायला जवळपास हजार वर्षं लागलेली. राजांच्या नोंदी, कायदे, गाणी, म्हणी, दृष्टान्त, खाजगी पत्रं, सगळं त्यात आहे. स्तोत्र ९१ म्हणतं की देव आपल्या पिसांनी तुला झाकील. देवाला पिसं आहेत असं तुमच्या मंडळीत कुणीही मानत नाही, आणि म्हणून ते स्तोत्र खोटं आहे असंही कुणी म्हणत नाही. म्हणजे लिखाणाची जात ओळखून वाचायची सवय आपल्याला आहेच. उत्पत्तीच्या पहिल्या पानावर मात्र ती सोडून देतो.

आता ते पान. मुलीला शेजारी बसवा आणि वहीत दोन रकाने आखा. डावीकडं पहिला, दुसरा, तिसरा दिवस : प्रकाश, मग आकाश आणि पाणी, मग कोरडी जमीन आणि वनस्पती. उजवीकडं चौथा, पाचवा, सहावा : ज्योती (सूर्य, चंद्र, तारे), मग पाखरं आणि मासे, मग जनावरं आणि माणूस. डावीकडं जागा तयार होतात आणि उजवीकडं त्याच क्रमानं त्या जागांत राहणारे येतात. आधी गोठा, मग ढोरं. ही मांडणी लेखकानं मुद्दाम केलेली आहे. सूर्य चौथ्या दिवशी येतो, तरी त्याआधी तीन वेळा संध्याकाळ आणि सकाळ होऊन गेलेली असते. हे कॉलेजात गेल्यावर आजच कुणाला दिसलं असं नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन ह्या ख्रिस्ती विद्वानानं सरळ विचारलं होतं की सूर्य नसताना पहिले तीन दिवस कसले? हिप्पोचे बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) यांनीही हे दिवस आपल्या दिवसांसारखे धरले नाहीत. डार्विनच्या चौदाशे वर्षं आधी त्यांनी ख्रिस्ती माणसांना बजावलं होतं की आकाश-पृथ्वीबद्दल ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासमोर शास्त्राच्या नावानं चुकीचं बोलू नका, ऐकणारा मग पुनरुत्थानावर तरी का भरवसा ठेवील?

पुढं दुसरा अध्याय वाचा. पहिल्यात झाडं, जनावरं आणि शेवटी माणूस. दुसऱ्यात आधी पुरुष, मग बाग, मग पशुपक्षी, मग स्त्री. ज्यानं ही दोन पानं शेजारी ठेवली त्याला फरक दिसला नसेल असं मला वाटत नाही. त्याला घड्याळाप्रमाणं क्रम द्यायचा असता तर त्यानं एक पान गाळलं असतं.

मग सांगायचं काय होतं? बाबेलात (बॅबिलोनमध्ये) शमश हा सूर्यदेव होता आणि सिन हा चंद्रदेव. त्या काळच्या बलाढ्य साम्राज्यांत लोक ज्यांच्यापुढं वाकत, त्यांचं नावसुद्धा पहिला अध्याय घेत नाही. मोठी ज्योती, लहान ज्योती, एवढंच म्हणतो. दिवे आहेत, देवानं लावलेले. धर्मसुधारक कॅल्विननं १५५४ च्या भाष्यात ह्याच ओळीवर लिहिलं की शनी हा चंद्राहून मोठा आहे हे ज्योतिर्विदांनी सिद्ध केलंय, पण मोशे (परंपरेनं या पुस्तकाचा लेखक) साध्या माणसाच्या डोळ्यांना दिसतं तसं लिहितो. लेवीय ११:६ मध्ये ससा रवंथ करतो असं आहे, त्याचंही तसंच. कुठल्याही कास्तकाराला ठाऊक आहे की ससा गायीसारखा रवंथ करत नाही. जबडा मात्र सारखा हलत असतो. खाण्याचे नियम सांगणारा माणूस जनावर ओळखायची खूण सांगतोय. त्यावरून पोटाची रचना सिद्ध करायला जाऊ नका, आणि ओढूनताणून बचावही करू नका.

तुमच्या मुलीनं पुस्तकात जे वाचलं ते तुमच्या गावच्या विहिरीतही आहे. पश्चिम विदर्भात खोदत गेलं की वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग काळा दगड. ब्लास्टिंग करून खाली गेलं की कुठं कुठं मध्येच तांबडा मातकट थर लागतो, आणि त्याच्या खाली पुन्हा काळा दगड. जुन्या विहिरीच्या भिंतीवर तो तांबडा पट्टा उघड दिसतो. काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. तांबडा पट्टा म्हणजे त्या लाव्ह्याची ऊनपावसात कुजून झालेली माती, जिच्यावर नंतर दुसरा लाव्हा येऊन पसरला. काही ठिकाणी दोन लाव्ह्यांच्या मध्ये तळ्याचा गाळ सापडतो आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख असतात. म्हणजे आग आली, निवली, तळं साचलं, त्यात जीव वाढले, मेले, गाळ बसला, आणि मग परत आग आली. हे नोहाच्या एका वर्षाच्या जलप्रलयात बसत नाही; पाण्याखाली काही महिन्यांत दगडाची माती होत नाही आणि तळ्यात पिढ्या वाढत नाहीत. या खडकांचं वय सुमारे ६.६ कोटी वर्षं आहे. खडकातल्या पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार फार संथ गतीनं मोडतो, अर्धा व्हायला १२५ कोटी वर्षं, आणि त्यातून काही अरगॉन वायू होतो, त्यावरून हे मोजतात. मुलगी प्रयोगशाळेत हेच शिकेल.

नागपूरजवळच्या टाकळीचे हे शंख आणि बाकीचे जीवाश्म जगापुढं कुणी मांडले, हे शिक्षण बंद करा म्हणणाऱ्या त्या वडीलधाऱ्यांना जरूर सांगा. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप, १८४५ साली नागपुरास आलेले स्कॉटिश मिशनरी. त्यांनी आणि रॉबर्ट हंटर यांनी नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा निबंध १८५५ साली लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापला. शाळा चालवणं, सुवार्ता सांगणं आणि दगड फोडून पानांचे ठसे गोळा करणं, हे सगळं एकाच माणसाचं काम होतं. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ते पुराच्या पाण्यात वाहून गेले. १८८३ साली सुरू झालेलं नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. विदर्भात भूगर्भशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत एक पाद्री होता, आणि आज आपण त्याच विषयासाठी मुलीचं शिक्षण बंद करा म्हणतोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एक आक्षेप नेहमी येतो : “विज्ञान रोज बदलतं, वचन बदलत नाही.” बुलढाण्याचं लोणार घ्या. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर आधी ज्वालामुखीचं समजत. मग उल्केच्या आघाताचे पुरावे मिळाले. वय आधी सुमारे ५० हजार वर्षं धरत, २०११ साली अरगॉनच्या मोजणीनं ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. अकरापट बदल, खरं आहे. पण चूक सापडली ती आणखी काळजीपूर्वक मोजल्यामुळं, आणि काही जण सृष्टीची सहा हजार वर्षं धरतात, त्यापासून हे नवं वय आणखी दूर गेलं. सृष्टी इसवी सनापूर्वी ४००४ साली झाली हा आकडा बायबलात कुठंही लिहिलेला नाही. आर्चबिशप अशर यांनी १६५० साली वंशावळींवरून काढलेला तो हिशोब आहे.

इतिहासाकडं वळू. इथं पुरावा बराच आहे, पण सगळीकडं सारखा नाही, आणि ते मुलांना आपणच सांगितलेलं बरं. मी वर्गात २ राजे १८ आणि १९ घेते, कारण तिथं दोन्ही बाजूंची कागदपत्रं हाती आहेत. अश्शूरचा राजा सन्हेरीब इसवी सनापूर्वी ७०१ साली यहूदावर चालून आला. बायबल सांगतं, त्यानं तटबंदीची नगरं घेतली आणि यहूदाचा राजा हिज्कीया यानं ३०० किक्कार (तेव्हाचं वजनी माप) रुपं म्हणजे चांदी व ३० किक्कार सोनं दिलं. खुद्द सन्हेरीबाचा मातीच्या लोलकावर कोरलेला वृत्तांत सापडला आहे. त्यात ४६ तटबंद नगरं घेतल्याचं आहे, सोनं ३० च आहे, आणि रुपं ८०० आहे. सोनं जुळलं, रुपं जुळलं नाही. हिज्कीयाला यरुशलेमेत पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं असं सन्हेरीब फुशारकीनं सांगतो. नगर घेतलं असं मात्र म्हणत नाही. यहूदातलं लाखीश नगर घेतल्याची चित्रं त्यानं निनवेच्या राजवाड्याच्या भिंतींवर कोरून घेतली, यरुशलेमेची नाहीत. इतिहास इथवर येतो : वेढा पडला, खंडणी दिली, नगर वाचलं. का वाचलं? राजेचं पुस्तक म्हणतं, परमेश्वराच्या दूतानं वाचवलं. हे उत्खननात निघणारं नाही आणि उत्खननानं खोडताही येत नाही. उंबऱ्यापर्यंत पुरावा नेतो, पुढचं पाऊल विश्वासाचं असतं. मुलीला हा उंबरा नीट दाखवा, त्यानं तिचा जीव हलका होईल.

आणखी भक्कम गोष्टी आहेत, भराभर सांगते. १९९३ साली तेल दान इथं सापडलेल्या शिलालेखात “दाविदाचं घराणं” असा उल्लेख आहे. १९६१ साली कैसरियात रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या नावाचा दगड मिळाला. मृत समुद्राकाठच्या गुहांत १९४७ पासून सापडलेल्या गुंडाळ्यांत यशयाची पूर्ण प्रत आहे, तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींहून हजारेक वर्षं जुनी, आणि बारीकसारीक फरक सोडले तर मजकूर तोच.

अवघड जागाही सांगा. बायबलात यहोशवापुढं यरीहोचा तट कोसळल्याचं आहे; पण तिथं १९५२ ते १९५८ खोदकाम करणाऱ्या कॅथलिन केनियन यांना तिथली तटबंदी यहोशवाच्या काळाच्या बरीच आधी पडलेली दिसली, आणि बहुतेक पुरातत्त्वज्ञ आजही तेच मानतात. इस्राएल लोक मिसरातून निघाल्याची थेट नोंद मिसरी लेखांत नाही. येशूच्या जन्मवेळची म्हणून लूक २:२ मध्ये येणारी क्विरीनियाची नावनिशी (जनगणना) ज्यू इतिहासकार योसेफसच्या हिशोबानं इसवी सन ६ ची, तर ज्याच्या काळात येशू जन्मला तो हेरोद राजा इसवी सनापूर्वी ४ च्या सुमारास वारला. यहोयाखीन राजा झाला तेव्हा २ राजे २४:८ प्रमाणे अठरा वर्षांचा, आणि २ इतिहास ३६:९ च्या हिब्रू प्रतीत आठ वर्षांचा. ही शेवटची तर उघड नकलेची चूक आहे. तलाठ्यानं उतारा काढताना आकडा चुकवला म्हणून वावर नाहीसं होत नाही. बाकीच्यांवर मला पटेल असं पक्कं उत्तर नाही, आणि उत्तर असल्याचं सोंग मी वर्गात करत नाही.

मग विश्वास टेकला कशावर? प्रेषित पौलानं १ करिंथ १५ मध्ये स्वतःच लिहून ठेवलंय : ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ. हे वाक्य त्यानं सहा दिवसांबद्दल किंवा यरीहोबद्दल लिहिलं नाही. पत्र इसवी सन ५५ च्या सुमाराचं, म्हणजे वधस्तंभानंतर पंचवीसेक वर्षांच्या आतलं. त्यात तो साक्षीदारांची नावं देतो, पाचशेंहून अधिक जणांना प्रभू दिसला असं सांगतो आणि म्हणतो की त्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत. पिलाताच्या हाताखाली ख्रिस्ताला मृत्युदंड झाला हे टॅसिटस हा रोमी इतिहासकारही लिहितो, आणि त्याला ख्रिस्ती लोकांची अजिबात आवड नव्हती. तो मेला, आणि थोड्याच काळात त्याचे लोक जिवावर उदार होऊन तो उठला असं सांगत फिरू लागले, इथवर इतिहास येतो. तो उठला, हे मी विश्वासानं म्हणते. माझा सगळा भार याच खांबावर आहे.

एक सावधगिरी. विश्वास वाचवायच्या घाईत व्हॉट्सअपवरचे निरोप पुढं ढकलू नका. अरारात डोंगरावर तारू सापडलं, तांबड्या समुद्रात फारोच्या रथांची चाकं सापडली, नासाला यहोशवाचा हरवलेला दिवस सापडला : यातलं काहीही सिद्ध झालेलं नाही, आणि नासानं तर ते नाकारलेलंच आहे. मुलगी पाच मिनिटांत खरंखोटं तपासेल आणि तुमच्या खऱ्या शब्दावरचाही तिचा भरवसा जाईल.

आणि जिथं चूक जिवावर बेतते ती जागा. मार्क १६:१८ मध्ये सर्प उचलण्याचं आणि विष बाधणार नसल्याचं वचन आहे. चौथ्या शतकातल्या सर्वांत जुन्या दोन पूर्ण प्रतींत मार्क १६:८ ला संपतो. पुढच्या ओळी तिथं नाहीत. पऱ्हाटीत किंवा धुऱ्यावर साप चावला तर ह्या वचनावर थांबू नका. हातपाय हलवू न देता फळीला सैल बांधा, करकचून आवळू नका, जखम कापू किंवा चोखू नका, चावल्याची वेळ लक्षात ठेवा आणि सर्पविषावरची लस असलेल्या ग्रामीण रुग्णालयात थेट न्या. प्रार्थना गाडीत करा. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर उपचार घेऊ न देता मंत्र-गंडे करणं महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सिकलसेलच्या मुलांच्या गोळ्याही कुणाच्या सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत. याकोब ५:१४ तेल लावून प्रार्थना करायला सांगतो, वैद्य सोडायला सांगत नाही; आणि पौलाचा सोबती लूक स्वतः वैद्य होता.

आता कामाचं. चार बैठका धरा, प्रत्येकी तासाभराच्या, आठवड्याला एक, ती अमरावतीत असेल तर फोनवर. सुरुवात उत्पत्तीनं करू नका, तिथं दोघांच्याही अंगावर काटे असतात. पहिल्यांदा लूक १:१–४ : लेखक स्वतः सांगतो की मी सगळ्याचा मुळापासून शोध घेऊन लिहितोय. दुसऱ्यांदा १ करिंथ १५. तिसऱ्यांदा २ राजे १८–१९, वर दिलेल्या आकड्यांसह. चौथ्यांदा उत्पत्ती १ आणि २, दोन रकान्यांसह. दर वेळी तिला दोनच गोष्टी वहीत लिहू द्या : लेखक काय सांगतोय, आणि आपण आजवर काय ऐकत आलो. मध्ये तोडू नका. तिनं विचारलेलं तुम्हाला येत नसेल तर “मला येत नाही, शोधू” म्हणा. पाळकसाहेबांकडं तिला पाठवण्याआधी तुम्ही एकटे जा, आणि तिच्यासोबत प्रार्थना करा एवढंच मागा, उत्तर मागू नका. त्या वडीलधाऱ्यांशी मंडळीसमोर वाद टाळा. त्यांना विहिरीवर न्या.

संडे स्कूल तिला जरूर शिकवू द्या. लहान मुलांपुढं तिनं कोटी-कोटी वर्षांचा हिशोब काढायची गरज नाही, आणि चोवीस तासांचे दिवस सांगायचीही नाही. पहिला अध्याय त्यांना तालात म्हणू दे, “देवाने पाहिले की ते चांगले आहे” ही ओळ आली की ती सगळ्यांनी मिळून म्हणायची. एखाद्या पोरानं विचारलंच की खरंच सहा दिवस लागले का, तर तिनं सांगावं : हे देवाचं गाणं आहे, आणि देवानं ते कसं केलं ते मी कॉलेजात शिकतेय; पुढच्या रविवारी तुमच्यासाठी शंख असलेला दगड आणते.